साडेआठ मैलांचं ओझं

मिनेसोटाचा नकाशा समोर धरलात तर उजव्या हाताला वर, बाणाच्या टोकासारखा एक निमुळता तुकडा लेक सुपीरिअरच्या काठाकाठाने कॅनडाच्या दिशेने घुसलेला दिसेल. त्या टोकाशी ग्रँड पोर्टेज नावाचं गाव आहे. डुलुथपासून ६१ नंबरच्या रस्त्याने सुमारे दीडशे मैल. आपली मंडळी या रस्त्याने पुष्कळ जातात, पण बहुतेकांची गाडी गूजबेरीचा धबधबा आणि स्प्लिट रॉकचं दीपगृह पाहून, फार तर ग्रँड मरेला जेवून मागे वळते. यंदाच्या ऑगस्टमध्ये आम्ही थेट टोकापर्यंत गेलो. गाडीत आम्ही दोघं, कॉलेजातली लेक, सांगलीहून आलेल्या आजी, आणि अर्थातच दशम्या, चटणी व चिवडा.

या गावात काय आहे? खरं म्हणजे एक पायवाट आहे. पिजन नावाची नदी (आज हीच अमेरिका-कॅनडाची सरहद्द) लेक सुपीरिअरला मिळण्यापूर्वी शेवटच्या वीसेक मैलांत नुसती उड्या मारत येते. एक धबधबा तर १२० फुटांचा आहे. तिथून होडी नेणं अशक्य. म्हणून ओजिब्वे लोकांनी फार पूर्वीपासून डोंगरातून साडेआठ मैलांची वाट पाडली होती. सरोवराकाठी होडी उचलायची, सामानासकट चालत जायचं आणि धबधब्यांच्या वरच्या अंगाला नदीत पुन्हा सोडायची. त्यांच्या भाषेत या जागेचं नाव 'गिची-ओनिगामिंग', म्हणजे ओझं वाहून नेण्याची मोठी वाट. फ्रेंचांनी त्याचंच 'ग्रँड पोर्टेज' केलं. १७३१ साली ला वेराँद्री हा फ्रेंच मुशाफिर इथे पोचला, तेव्हा ही वाट पाहूनच त्याच्या माणसांनी बंड केलं आणि पुढे जायला साफ नकार दिला. ती वाट चढून आल्यावर आमची त्या बंडखोरांना संपूर्ण सहानुभूती आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? तर टोप्यांसाठी! युरोपातल्या सभ्य गृहस्थाला त्या काळी बीव्हरच्या लोकरीची टोपी लागे. बीव्हरच्या लांब केसांखाली जी मऊ लव असते, तिला सूक्ष्म काटे असतात; त्यामुळे ती दाबली की घट्ट नमदा बनतो, पावसाने बिघडत नाही. युरोपातले बीव्हर मारून जवळजवळ संपले, मग मोर्चा इकडे वळला. १६७० मध्ये हडसन्स बे कंपनीला सनद मिळाली. पुढे मॉन्ट्रिअलच्या स्कॉटिश व्यापाऱ्यांनी तिच्याशी टक्कर द्यायला नॉर्थ वेस्ट कंपनी काढली आणि सुमारे १७८४ ते १८०३ पर्यंत तिचं उन्हाळी मुख्य ठाणं याच ग्रँड पोर्टेजला होतं.

लाकडी मेढेकोटाच्या आत जुन्या पायांवर उभारलेलं मोठं दिवाणखान्याचं घर, स्वयंपाकघर आणि होड्यांची कोठी आज पाहायला मिळते. (दिवाणखाना आधी १९३०च्या दशकाअखेर उभारला होता, तो १९६९ मध्ये वीज पडून जळाला; आताचा त्यानंतरचा.) उन्हाळ्यात त्या काळचे कपडे घातलेली माणसं माहिती सांगतात. होड्यांच्या कोठीत आम्ही सर्वात जास्त रमलो. भूर्जपत्र म्हटलं की आपल्याला पोथी आठवते. इथे भूर्जाच्या सालीची अख्खी छत्तीस फुटी होडी! सीडारच्या फळ्यांचा सांगाडा, स्प्रूसच्या मुळ्यांनी घातलेली शिवण आणि सांध्यांवर राळ. खिळा एकही नाही. अशा होडीतून सुमारे चार टन माल घेऊन आठ-दहा गडी मे महिन्यात मॉन्ट्रिअलजवळून निघत आणि सहा ते आठ आठवडे वल्हवत इथे पोचत. उत्तरेकडून, सारा हिवाळा जंगलात काढलेले गडी लहान होड्यांतून कातडी घेऊन येत. जुलैत इथे मालाची अदलाबदल होई आणि बर्फ पडायच्या आत सगळे आपापल्या दिशेला परत.

या गड्यांना 'व्हॉयाजर' म्हणत. बहुतेक क्विबेकच्या शेतकऱ्यांची फ्रेंच बोलणारी पोरं. त्यांच्यातही जाती होत्या. मॉन्ट्रिअलहून येऊन परत जाणारे ते 'चरबीखाऊ', कारण प्रवासात त्यांना मक्याची किंवा वाटाण्याची पेज डुकराची चरबी घालून मिळे. जंगलात राहणारे ते 'हिवाळेकरी'. हिवाळेकरी स्वतःला श्रेष्ठ समजत आणि चरबीखाऊंची टिंगल करत. कायमचे राहिलेले आणि नुसते येऊन-जाऊन असणारे, हा भेद आपल्या मंडळांतही अगदीच अनोळखी नाही!

आणि ओझं? एक गठ्ठा नव्वद पौंडांचा. आता विमानाच्या एका बॅगेला बहुधा पन्नास पौंडांची मर्यादा असते आणि तेवढ्यासाठी आपण बाथरूममधला काटा हॉलमध्ये आणून लोणच्याच्या बरण्या आत-बाहेर करतो. व्हॉयाजर असे दोन गठ्ठे एका वेळी पाठीवर घेई, चामड्याचा पट्टा कपाळावरून घेऊन. ग्रँड पोर्टेजला प्रत्येक चरबीखाऊने आठ गठ्ठे पलीकडे पोचवायचे असा करार असे. म्हणजे चार खेपा भरल्या, तीन रिकाम्या: हिशोब केला तर साठ मैलांच्या जवळ जातं. पुढे १७९३ मध्ये पॅसिफिकपर्यंत पोचलेला अलेक्झांडर मॅकेन्झी लिहून गेला आहे, की दोन गठ्ठे घेऊन गेलेले आणि दुसरे दोन घेऊन सहा तासांत परतलेले गडी त्याने पाहिले होते. वाटेत ठरलेल्या ठिकाणी ओझं उतरवून दम खायचा, त्याला ते 'पोझ' म्हणत. आजी ऐकत होत्या, म्हणाल्या, "म्हणजे पालखीचा विसावाच की!" याहून चांगला शब्द आम्हाला तरी सुचत नाही.

आता रोमान्सकडे येऊ, कारण या धंद्यावरच्या कादंबऱ्या आणि सिनेमे त्याच्याशिवाय पुरे होत नाहीत. १८०० च्या जुलैमध्ये व्हरमाँटचा डॅनिएल हार्मन नावाचा तरुण कारकून इथे होता. दिवाणखान्यात त्या संध्याकाळी बॅगपाइप, फिडल आणि बासरीवर नाच झाला, आणि या मुलखातल्या स्त्रिया इतक्या रीतीभातीने व इतक्या छान नाचल्या याचं आपल्याला आश्चर्य वाटलं, असं त्याने डायरीत लिहिलं आहे. आश्चर्य! त्याचा सारा धंदा या स्त्रियांच्या हातांवर चालला होता. कातडी कमवणं, बर्फातल्या बुटांच्या जाळ्या विणणं, मोकॅसिन शिवणं, होडीच्या सांध्यांना राळ लावणं, सुकं मांस कुटून चरबीत घालून पेमिकन करणं, दुभाष्याचं काम, आणि मुख्य म्हणजे नातं. व्यापाऱ्याने लग्न केलं की तिच्या माहेरची माणसं त्याला आपली कातडी देत. पाद्री शेकडो मैलांत नव्हता. मुलीच्या घरच्यांची संमती घ्यायची, त्यांना भेटी द्यायच्या, की लग्न झालं. याला 'मुलखाच्या रीतीचं लग्न' म्हणत.

पण साहेबाची नोकरी संपली की काय? कित्येकांनी बायको-मुलांना तिथेच सोडलं, किंवा बायको दुसऱ्या कुणाच्या हवाली केली. त्यालाही त्या धंद्यात एक बिनदिक्कत शब्द होता. "म्हणजे बैठक उठली की चटई दुसऱ्याला द्यायची," आजी म्हणाल्या. आमची लेक मात्र गप्प झाली होती.

हार्मननेसुद्धा १८०५ मध्ये चौदा वर्षांच्या लिझेट दुवालला घरात घेतलं तेव्हा तसाच बेत डायरीत नोंदवला होता: इथून जाताना हिला एखाद्या भल्या माणसाच्या हाती सोपवू. चौदा वर्षांनी, १८१९ मध्ये, निघायची वेळ आली आणि त्याला ते जमेना. मुलं झाली होती, काही गेली होती, दोघांनी मिळून रडणं झालं होतं. त्याने तिच्याशी रीतसर लग्न केलं आणि तिला घेऊन व्हरमाँट गाठलं.

विल्यम कॉनलीची गोष्ट उलटी. १८०३ मध्ये त्याने सुझान या क्री मुलीशी मुलखाच्या रीतीने लग्न केलं, सहा मुलं झाली. जवळजवळ अठ्ठावीस वर्षांनी तिला घेऊन तो मॉन्ट्रिअलला आला आणि १८३२ मध्ये तिथल्या एका प्रतिष्ठित घरातल्या आपल्या नात्यातल्या जूलिया वूलरिचशी चर्चमध्ये लग्न करून मोकळा झाला. सुझान रेड रिव्हरच्या कॉन्व्हेंटमध्ये गेली आणि १८६२ मध्ये वारली. गोष्ट इथे संपली असती, पण तिच्या मुलाने वारशासाठी दावा लावला. १८६७ मध्ये मॉन्ट्रिअलच्या न्यायाधीशांनी निकाल दिला, की क्रींच्या रीतीने झालेलं पहिलं लग्न हेच खरं लग्न. सुझान हे ऐकायला नव्हती. तिची मुलगी अमीलिया मात्र जेम्स डग्लसची बायको होती, आणि व्हँकूव्हर आयलंडचा गव्हर्नर असलेल्या डग्लसला 'सर' हा किताब मिळाल्यावर ती लेडी डग्लस म्हणून ओळखली गेली.

आणि डेव्हिड थॉम्पसन. हा नकाशे काढणारा माणूस १७९७ मध्ये हडसन्स बे सोडून इथे, ग्रँड पोर्टेजला, नॉर्थ वेस्टच्या नोकरीवर हजर झाला. १७९९ मध्ये त्याने शार्लट स्मॉलशी लग्न केलं. ती तेरा वर्षांची, तो एकोणतीसचा. हे वाचताना आज आपल्याला त्रास होतो आणि झालाच पाहिजे. (आपल्या पणज्या काय वयात बोहल्यावर चढल्या हे आजींनी आठवण करून दिलं.) शार्लटचा बाप कंपनीचा भागीदार, तिच्या क्री आईला आणि मुलांना सोडून तो इंग्लंडला निघून गेला होता. सोडून जाणं काय असतं ते तिला माहीत होतं. थॉम्पसन तिला सोडून गेला नाही. १८०७ मध्ये रॉकी पर्वत ओलांडताना तीन लहान मुलांसह ती त्याच्याबरोबर होती. १८१२ मध्ये त्याने मॉन्ट्रिअलला चर्चमध्ये लग्नाची नोंद केली. तेरा मुलं झाली. म्हातारपणी दारिद्र्य इतकं आलं, की ज्या उपकरणांनी अर्धा खंड मोजला तीसुद्धा विकावी लागली. १८५७ च्या फेब्रुवारीत तो गेला, आणि तीन महिन्यांत शार्लट.

धंदा इथून १८०३ मध्येच उठला. क्रांतीनंतरच्या तहाने ही जागा अमेरिकेच्या हद्दीत आली होती; जकात भरावी लागेल या भीतीने कंपनीने उत्तरेला, आजच्या थंडर बेमध्ये, नवं ठाणं बांधलं. १८२१ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. पुढे रेशमी टोप्यांची फॅशन आली आणि बीव्हर सुटला. ओजिब्वे लोक मात्र इथेच आहेत. ही पायवाट त्यांच्या राखीव मुलखातून जाते, स्मारकाची जमीन त्यांनीच देऊ केली, आणि १९९९ पासून तिथली देखभालीची बरीच कामं करारानुसार तेच पाहतात. माहिती केंद्रात एक ओजिब्वे बाई भेटल्या. लेकीने विचारलं, इतके लोक निघून गेले, मग त्या बायकांचं काय झालं? त्या हसून म्हणाल्या, "त्या घरीच होत्या."

दुसऱ्या दिवशी आजींना सरोवराकाठी बाकावर बसवून (सोबतीला आई राहिली) आम्ही बापलेक पायवाटेने निघालो. चढ आहे, चिखल आहे, बीव्हरने अडवलेलं पाणी आहे आणि डास तर असे, की दोनशे वर्षांत त्यांचा धंदा मंदावलेला दिसत नाही. आमच्या पाठीवर पाणी, दशम्या आणि रेनकोट मिळून दहा पौंडसुद्धा नसतील. पलीकडच्या टोकाला फोर्ट शार्लटची जागा आहे. तिथे इमारत नाही. गवत, झाडं आणि शांत वाहणारी पिजन नदी. दशम्या संपवल्या. उन्हं कलायच्या आत गाडीपाशी पोचायचं होतं आणि परतीचे साडेआठ मैल बाकी होते.