दोन समुद्रांमधील यात्रा

परदेशाहून परतलेल्या मनुष्याकडून लोक दोन गोष्टींची अपेक्षा करतात: तिकडील वैभवाचे वर्णन आणि तिकडील अधःपाताची निंदा. गतवर्षी पुतण्याच्या मोटारीतून बॉस्टनपासून लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यापर्यंत, पाच हजार किलोमीटरांहून अधिक वाट आम्ही सोळा दिवसांत आक्रमिली, तेव्हा या दोहोंची सामग्री आम्हांस विपुल मिळाली. १९५६ च्या कायद्यान्वये बांधले गेलेले ते राजरस्ते इतके सरळ व रुंद आहेत, की बाजूस बसलेल्या प्रवाशास विचार करण्यावाचून दुसरे काम उरत नाही. विचार करीत निघालो खरे. पण तो आम्हांस भलत्याच मुक्कामी घेऊन गेला.

आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा वाड्याचे दार त्यांना कायमचे बंद झाले. थोरल्या बंधूंनी त्यांच्या नावाने स्नान केले. ज्या उपदेशापायी हे घडले तो ज्या मुलखातून आला, तो एकदा डोळ्यांनी पाहावा, ही आमची जुनी इच्छा. म्हणून प्रथम विल्यम्सटाउन येथे गेलो. १८०६ साली तेथील महाविद्यालयाचे पाच विद्यार्थी वादळी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले व त्यांनी दूरदेशी सुवार्ता नेण्याचा संकल्प केला. त्यातून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही संस्था निघाली. तिचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. हॉल १८२६ साली फिरतीवर असता पटकीने वारले. पुढे १८३१ मध्ये अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, मिशनचे ठाणे पडले आणि १८४२ मध्ये तेथेच 'ज्ञानोदय' सुरू झाला. गंजीच्या जागी उभारलेल्या स्तंभापाशी आम्ही कृतज्ञतेने मस्तक नमविले.

पण मेम्फिसला पोहोचलो आणि ते मस्तक निराळ्या कारणाने खाली गेले. नगरपालिकेच्या कृष्णवर्णीय सफाई कामगारांनी संप पुकारला होता. त्यास बळ देण्यासाठी आलेल्या डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना ४ एप्रिल १९६८ रोजी तेथे गोळी घातली गेली. ते उतरले होते ते लॉरेन नावाचे पथिकगृह आता संग्रहालय झाले आहे. किंग हे पाळक होते. वय अवघे एकोणचाळीस. रविवारी सकाळी अकराचा तास हाच या ख्रिस्ती देशातील सर्वाधिक वर्णभेदाचा तास होय, अशी खंत ते बोलून दाखवीत. एकाच प्रभूची लेकरे दोन निरनिराळ्या मंदिरांत गुडघे टेकतात, हे ऐकून आम्ही पुतण्यास म्हणालो, "काय ही यांची भक्ती!"

ओक्लाहोमात आमचा रोष अधिकच वाढला. १८३० च्या कायद्याच्या आधारे चेरोकी लोकांना जॉर्जिया व आसपासच्या मायभूमीतून उपटून १८३८-३९ मध्ये येथवर चालविले गेले. सुमारे सोळा हजारांपैकी चार हजारांच्या आसपास दगावले, असे मानतात. त्यांत ख्रिस्ती झालेले पुष्कळ होते, हाकलणारेही ख्रिस्तीच. टालेक्वा गावाजवळ पार्क हिल येथे सॅम्युएल वूस्टर यांची कबर आहे. हे त्याच अमेरिकन बोर्डाचे मिशनरी. चेरोकींच्या भूमीत राहावयाचे तर जॉर्जिया राज्याशी निष्ठेची शपथ घ्या, हा हुकूम त्यांनी मानला नाही. त्याबद्दल १८३१ साली, ज्या वर्षी त्यांचे बंधू अहमदनगरास बिऱ्हाड थाटीत होते त्याच वर्षी, त्यांना चार वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तरी सुटका १८३३ उजाडल्यावर झाली. पुढे चेरोकींच्या आधीच ते पश्चिमेस आले, छापखाना घातला, आणि १८५९ साली त्यांच्यातच देह ठेवला. एकाच धर्माच्या नावाने एक हाकलतो आणि दुसरा हाकललेल्यांबरोबर जाऊन राहतो. यांतला ख्रिस्ती कोण, हे सांगावयास पंडित नको.

टेक्ससच्या ओसाड माळावर चाक फुटले. एका वृद्ध शेतकऱ्याने गाडी थांबवून भर उन्हात तासभर खपून ते बदलले. पैसे घेईना, उलट आमच्यासाठी प्रार्थना केली. आम्हांस शुभवर्तमानातील चांगला शोमरोनी आठवला. निघताना मात्र तो म्हणाला, "परके लोक फार झाले, सरकारने दारे लावून घ्यावीत. तुमची गोष्ट वेगळी, तुम्ही ख्रिस्ती आहात." मोटार सुरू होताच पुतण्या हसला. आम्हांस हसू येईना. 'तुमची गोष्ट वेगळी' हे शब्द पूर्वी कोठे ऐकले, ते रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले.

ते आमच्या आजीच्या स्वयंपाकघरातले. वाड्यातून हाकलली गेलेली ही बाई नव्या मंडळीत आली. पण फडताळाच्या खालच्या फळीवर तिने एक पितळी फुलपात्र निराळे ठेवले. मंडळीतील जे बंधुभगिनी पूर्वाश्रमीच्या महारवाड्यातून आलेले, त्यांना पाणी त्यातून. पाळकसाहेबही तिकडचेच, पण ते शिकलेले, आजी म्हणे, "त्यांची गोष्ट वेगळी." पाणी नेऊन देण्याचे काम आमचे. घरोघर सुवार्ता सांगत हिंडणाऱ्या एक वृद्ध बाई येत. बाराखडी आम्हांस त्यांनीच गिरवून दिली. एके दिवशी आजी घरी नव्हती. आम्ही चांगला पेला उचलला, तो बाईंनी हळूच आमचा हात धरला आणि खाली वाकून ते फुलपात्र स्वतःच काढून घेतले. आम्ही काही बोललो नाही. पुढेही कधी नाही.

मेम्फिसच्या कुसळावर आम्ही इतके बोललो. आमच्या डोळ्यातले मुसळ साठ वर्षे तेथेच होते. वाड्याने आम्हांस बाहेर काढले, हे दुःख आमच्या घरात तीन पिढ्या सांगितले गेले. फुलपात्राची गोष्ट कोणी सांगितली नाही.

परत आल्यावर त्या बाईंच्या नातीचा पत्ता शोधला व सारे लिहिले. उत्तर दोन ओळींचे आले: "आजीने सांगितले होते. पेला तुम्ही उचलला होतात, हेही सांगितले होते." नाताळात त्या आमच्याकडे येणार आहेत. ते फुलपात्र त्यांना दाखवावे की न दाखवावे, हे अजून ठरत नाही.