कडू आणि त्याच्या जोडीचं

दुधाचे दात

कुत्र्याच्या पिलाला 28 दुधाचे दात असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात आणि पिलू सहा-सात महिन्यांचं होईतो त्यांच्या जागी 42 पक्के दात येतात. पडलेला दात बहुतेक वेळा पिलू गिळूनच टाकतं; एखादाच सतरंजीवर सापडतो, तांदळाच्या दाण्याएवढा. या दिवसांत हिरड्या हुळहुळतात आणि काहीतरी दाबून चावलं की बरं वाटतं. टेबलाचा पाय, उशीचं टोक, चपलेचा पट्टा यांची नासधूस इथून सुरू होते. त्यात पिलाचा खोडसाळपणा नसतो. या दिवसांसाठी पूर्वी घरात काही वस्तू आपसूक हाताशी असत. त्यांतल्या काही आता मिळत नाहीत, काही मिळतात पण सुचत नाहीत. त्यांची ही यादी.

कडुनिंबाचा पाला

दोन मुठी पाला, तांब्याभर पाणी. उकळून निम्मं करायचं, निवू द्यायचं, गाळून त्यात फडकं बुडवायचं आणि खुर्चीच्या पायांवरून, दाराच्या चौकटीच्या खालच्या हातभर भागावरून फिरवायचं. पिलू तोंड लावतं, थबकतं, जीभ दोन-तीनदा बाहेर काढतं, डोकं झटकतं आणि मागे सरकतं. कडूपणा दिवसभरात उतरतो, म्हणून रोज पुन्हा पुसावं लागतं. कापडाला डाग पडतो, हे लाकडासाठीच. झाड अजून रस्तोरस्ती उभं आहे. पाडव्याला आपण त्याची डहाळी विकत आणतो. एरवी हात वर करून पाला ओरबाडायची सवय गेली.

काळा बोळ

कोरफडीचा सुकवलेला चीक. काष्ठौषधींच्या दुकानात त्याचे काळपट खडे मिळत. मूल अंगावरून तोडायचं झालं की आई छातीला लावायची ते हे, नाहीतर वाटलेला कडुनिंब. पिलासाठी मात्र बोळ वापरू नये. कोरफडीच्या चिकाने कुत्र्याला उलट्या-जुलाब होतात. कडू आहे म्हणून निर्धोक आहे असं नसतं. 

मिरची, रॉकेल, डांबरगोळी

ही गेली ते बरं झालं. मिरचीचं पाणी पिलाच्या तोंडाला लागतं, तोंडावरून पंजाला, पंजावरून डोळ्याला. त्यातून पिलू शिकत काहीच नाही, नुसतं सोसतं. रॉकेलने कातडी पोळते. डांबरगोळी तर विषच. कांदा-लसणाचा रसही कुत्र्याच्या रक्ताला अपाय करतो. स्वयंपाकघरातलं सगळंच घरगुती उपाय म्हणून चालत नाही.

माडाचा व्हिनेगर

गोव्यात रेंदेर माडावर चढून सूर, म्हणजे माडी, उतरवतो. ती आंबवली की व्हिनेगर होतो. पिलांना तो उग्र आंबट वास नकोसा वाटतो. निम्मं पाणी घालून फडक्याने पुसावं. आधी एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहावं, कारण पॉलिश खराब होऊ शकतं, आणि संगमरवरावर तर आम्ल पडूच देऊ नये. माडावर चढणारे कमी होत चालले, तसा हा व्हिनेगरही दुर्मीळ होत चालला. दुकानातल्या साध्या पांढऱ्या व्हिनेगरनेही काम भागतं.

कोल्हापुरी

बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं कातडं, चामड्याच्याच वादीची शिवण, खिळा एकही नाही. वर तेल पाजलेलं. कातड्याचा, तेलाचा आणि आपल्या माणसाच्या पायाचा वास एकाच ठिकाणी सापडल्यावर पिलू दुसरीकडे कशाला जाईल? ते आधी अंगठा धरतं, मग कान. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण रोजच्या पायांत ती आता कमी दिसते. तिच्या जागी आलेल्या फोमच्या चपलेचे तुकडे सहज तुटतात, गिळले जातात आणि आतड्यात अडकू शकतात. पूर्वी चप्पल जाई; आता पिलाचा जीव धोक्यात येतो.

खुंटी आणि वळचण

चपला वळचणीला खोचलेल्या, पिशवी खुंटीला, भाकऱ्यांची दुरडी शिंक्यात, पोथ्या फडताळात. पिलाच्या तोंडाच्या उंचीवर घरात फारसं काही नसेच. सर्वांत खात्रीचा उपाय हाच होता आणि त्याला कडू लावावं लागत नव्हतं. आताच्या घरात सगळं जमिनीलगत आलं: चपलांचं कपाट, टीव्हीचं टेबल, चार्जरची वायर. वायरीला कडू लावून निर्धास्त राहू नये. ती पिलाच्या वाटेतून काढावी, निदान जाड नळीत घालावी.

इथवरच्या वस्तू पिलाला नको म्हणणाऱ्या होत्या. पुढच्या त्याला देण्याच्या.

ओलं फडकं

जुन्या धोतराची पट्टी, पीळ देऊन मधोमध गाठ मारलेली, माठाखालच्या ओलाव्यात ठेवलेली. गारव्याने हिरड्यांची आग निवते. आता धोतर नाही, माठही क्वचित. जुन्या पंच्याचा तुकडा भिजवून बर्फाच्या कप्प्यात ठेवला तरी तेच साधतं. पिलापाशी बसून राहावं; धागे सुटू लागले की फडकं काढून घ्यावं.

कडक भाकरी

ज्वारीची किंवा बाजरीची, रात्रीची उरलेली, उन्हात वाळून खडखडीत झालेली. पिलू ती पुढच्या दोन पायांत धरून आधी कड ओली करतं, मग दाढेखाली घेतं. एक चतकोर त्याला बराच वेळ पुरे. भाकरी रोज होत नाही तिथे उरणार कुठून? पाव आणि बिस्किटं दोन घासांत संपतात आणि पिलू पुन्हा सोफ्याकडे वळतं. शिजवलेलं हाड देऊ नये. ते उभं चिरतं आणि टोचतं.

अंगण

उकरायला माती, ओढायला मुळी, कुरतडायला वाळकी काटकी. गावाकडे पिलू चावत नसे असं नाही. ते बाहेर चावे, म्हणून कुणाच्या डोळ्यांत येत नसे. फ्लॅटमध्ये तोच जीव तेच करतो आणि त्याला नुकसान म्हणतात.

आई आणि भावंडं

खेळता खेळता जोरात चावलं की भावंड केकाटतं आणि खेळ मोडतं. आई गुरगुरते. दाताला किती जोर लावायचा हे पिलू इथे शिकतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिलू विकू नये असा 2017 चा केंद्राचा नियम आहे. तरी महिनाभराचं, डोळ्यांवरची निळसर झाक अजून न गेलेलं पिलू खोक्यात घालून विकलं जातं. मग त्याच्या वाट्याचं हे शिक्षण कुठल्याच बाटलीत मिळत नाही.

दुपारचं माणूस

ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली आजी. पिलाने उंबरठ्याला तोंड घातलं की तिचं ‘हाड्’ तिथल्या तिथे येई. लगेच दुसऱ्या हाताने भाकरीचा तुकडा पुढे होई, आणि पिलाने तो धरला की ‘शहाणं गं माझं’. संध्याकाळी घरी येऊन फाटलेल्या उशीसमोर पिलाला रागावलं तर त्याला त्यातलं काही कळत नाही. दुपारी केलेल्या गोष्टीशी तो राग त्याला जोडता येत नाही. घरी आलेल्या माणसाला भ्यायचं, एवढंच ते शिकतं. एकटं सोडायचं असेल तेव्हा त्याला मोकळ्या, निर्धोक कोपऱ्यात ठेवावं आणि चावायला दोन गोष्टी द्याव्यात.

फवाऱ्याची बाटली

ही मात्र नवी, आणि सगळीकडे मिळणारी. अशा पुष्कळ फवाऱ्यांत डेनाटोनियम नावाचा पदार्थ असतो. 1958 च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये, बधिर करणाऱ्या औषधांवर काम चालू असताना तो हाती लागला. माहीत असलेल्या पदार्थांत त्याच्याइतकं कडू बहुधा दुसरं नाही. काही पिलं त्यालाही दाद देत नाहीत. ज्यांना तो लागू पडतो, ती टेबलाचा पाय सोडून खुर्चीचा धरतात, कारण हिरड्या हुळहुळायच्या थांबलेल्या नसतात. कडुनिंबाच्या जागी फवारा आला यात काही बिघडलं नाही. त्याच्या जोडीचं फडकं, भाकरी, माती आणि माणूस घरातून गेलं. नुकसान तिथे झालं, आणि ते भरून काढणं आपल्या हातात आहे. कडू लावलेल्या प्रत्येक जागेशेजारी पिलाला मनसोक्त चावता येईल असं काहीतरी ठेवावं. जिथे ते ठेवता येत नाही, तिथे कडूही लावू नये; ती वस्तूच उचलून वर ठेवावी.