सॅल्यूट न करणारे गुरुजी

१५ ऑगस्ट जवळ आला की मला माझीच एक जुनी बातमी आठवते. वीस वर्षांत बऱ्याच बातम्या चुकल्या, पण ही अजून टोचते.

साल २०१५. तालुक्यातल्या एका शाळेचं झेंडावंदन. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक, सोसायटीचे चेअरमन, सगळ्यांचे हात कपाळाला. मुख्याध्यापक मात्र हात बाजूला सरळ ठेवून उभे. वार्ताहरानं फोटो पाठवला आणि मी मथळा ठोकला, 'मुख्याध्यापकांना तिरंग्याला सलामीचं वावडं?' शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की आपण सुटलो, अशी आमच्या धंद्यातली समजूत.

बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली. संध्याकाळी पोरं गुरुजींच्या दारात घोषणा देऊन आली. वरून खुलासा मागवला गेला.

तिसऱ्या दिवशी एक निवृत्त सुभेदार ऑफिसात आले. आमच्याकडं फौजेतून आलेला माणूस कुठल्याही हुद्द्याचा असो, त्याला 'मेजर'च म्हणतात. काखेत पेपरची घडी. मला वाटलं, अभिनंदन करायला आलेत. चहा सांगितला.

"चहा ऱ्हाऊ द्या. गुरुजींचं चुकलं काय, ते सांगा."

"मेजर, सगळ्यांनी सलामी दिली, यांनी नाही दिली."

"त्या सगळ्यांच्या अंगावर वर्दी व्हती का?"

मी गप्प.

"सॅल्यूट वर्दीवाल्यानं करायचा. बाकीच्यांनी झेंड्याकडं तोंड करून सावधान ऱ्हायचं. या फोटोत बरोबर उभा असलेला एकटा गुरुजीच हाय."

मग त्यांनी माझी शिकवणीच घेतली. फौजेत डोक्यावर टोपी किंवा पगडी नसेल तर जवानसुद्धा हात उचलत नाही, सावधान होतो. लष्कराच्या सॅल्यूटमध्ये पंजा समोरच्याला दिसतो, नौदलात तळवा जमिनीकडं असतो, हवाई दलानं २००६ पासून ४५ अंशांचा कोन ठेवलाय. आणि सॅल्यूट म्हणजे लाचारी नव्हे. खालच्यानं केला की वरच्यानं तो परत करायचाच असतो. माणूस आवडतो की नाही हा प्रश्न नसतो, मान त्याच्या हुद्द्याचा.

ते गेल्यावर मी ध्वजसंहिता उघडली. २००२ ची. त्यात स्वच्छ लिहिलंय: ध्वज चढवताना-उतरवताना उपस्थितांनी ध्वजाकडं तोंड करून सावधान उभं राहावं, गणवेशातल्यांनी सलामी द्यावी. मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. त्याच वर्षी २६ जानेवारीला राजपथावर तेव्हाचे उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी सॅल्यूट केला नाही म्हणून देशभर त्यांना झोडपलं होतं. सलामी राष्ट्रपती घेतात, साध्या वेषातल्या बाकीच्यांनी सावधान उभं राहायचं असतं, हा त्यांच्या कार्यालयाचा खुलासा मीच आतल्या पानावर लावला होता. सात महिन्यांत विसरलो.

दुरुस्ती छापली. चौथ्या पानावर, निविदांच्या शेजारी, चार ओळी. मथळा होता पहिल्या पानावर. मग मेजरना घेऊन गुरुजींकडं गेलो. ते एनसीसीत होते म्हणे, तिथंच हे शिकले होते. म्हणाले, "खुलासा लिहायला काही वाटलं नाही हो. पण वर्गात गेलो की पोरं माझ्या हाताकडं बघायची. त्यांना काय सांगू?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

पुढं एका जवानाच्या अंत्यविधीला गेलो होतो. पेटीवर तिरंगा, केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला. चिता रचल्यावर गर्दीतून आवाज आला, "तिरंग्यातच जाऊ द्या त्याला!" बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं, भावना खोटी नव्हती. पण ध्वज चितेवर जात नाही. जवानांनी तो सावकाश उचलला, घडी घातली आणि त्याच्या बायकोच्या हातात दिला. त्या दिवशी मी कॅमेरा खाली ठेवला आणि हात बाजूला घेऊन सावधान उभा राहिलो.

२०२२ पासून घरावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो, पॉलिएस्टरचा तर २०२१ च्या अखेरच्या दुरुस्तीपासूनच चालतो. चांगलंच आहे. पण १६ तारखेला गटारीच्या कडेला पडलेले झेंडे मी दरवर्षी बघतो. फाटका, मळका झेंडा फडकवायचा नसतो. तो खासगीत, मान राखून, पूर्ण नष्ट करायचा असतो, शक्यतो जाळून.

तेव्हा यंदा कोणाचा हात कपाळाला गेला नाही हे मोजण्याआधी, आपल्या गल्लीतले झेंडे मोजून उचला. आणि सावधान उभा असलेला कुणी दिसला, तर फोटो काढण्याआधी ध्वजसंहिता वाचा. मी वाचली नव्हती, त्याची किंमत दुसऱ्यानं मोजली.

असो.