किट निगेटिव्ह आली, मग पुढे?

संपादकांनी फोनवर सरळच विचारलं, "डॉक्टर, मानमोडीसारखी साथ पुन्हा आली तर आजचा समाज टिकेल का?" मानमोडी म्हणजे १९१८ ची फ्लूची साथ. त्यांच्या मनात गोरेवाड्याचे वाघ होते. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट दगावले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने कारण सांगितलं एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. हे प्राणी आमच्याच चंद्रपूर भागातून तिकडे हलवलेले. पाठोपाठ जानेवारीत ब्रह्मपुरी तालुक्यातल्या मांगलीत कोंबड्या मेल्या आणि अहवाल तोच आला. त्यानंतर दवाखान्यात येणारा प्रत्येक जण विचारायचा, "साहेब, चिकन खायचं की नाही?"

खा, नीट शिजवून खुशाल खा. धोका ताटात नाही, मेलेली कोंबडी सोलणाऱ्या हातांना आहे. परसातल्या कोंबड्या माना टाकू लागल्या की उरलेल्या घाईने कापून खाल्ल्या जातात, मेलेल्या नाल्यात फेकल्या जातात. सरकारी भरपाई मिळते ती पथकाने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. मग कोण कशाला कळवेल? हिवाळ्यात कोंबडबाजार भरतात. दहा गावांचे झुंजीचे कोंबडे एका रिंगणात उतरतात आणि रक्ताने माखलेला कोंबडा मालक काखेत धरून घरी नेतो. चिकनचे भाव पडले याची बातमी होते, या काखेतल्या कोंबड्याची होत नाही.

एच५एन१ अजून माणसांत का पसरत नाही, हे थोडं तांत्रिक आहे, पण सांगतोच. फ्लूच्या विषाणूवर हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. ते पेशीवरच्या सायलिक आम्लाला चिकटतं. हे आम्ल पक्ष्यांच्या पेशींवर अल्फा-२,३ पद्धतीने जोडलेलं असतं, आपल्या नाका-घशात मुख्यतः अल्फा-२,६ पद्धतीने. आपल्या फुफ्फुसात खोलवर मात्र पहिला प्रकारही सापडतो. म्हणून लागण झालेला माणूस अनेकदा अत्यवस्थ होतो, पण खोकून दुसऱ्याला सहसा देत नाही. हे कायम असंच राहील याची खात्री नाही. या विषाणूची जनुकं आठ तुकड्यांत असतात आणि दोन वेगळे फ्लू एकाच पेशीत शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होते. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथी अशाच जन्मल्या. साथ येणार आहे. कधी, ते कुणीही सांगू शकत नाही.

आता मानमोडी. जून १९१८ मध्ये ती मुंबईत उतरली, सप्टेंबरात दुसरी लाट आली, ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ माणसं मेली. रेल्वेच्या वाटेने ती देशभर पसरली. भारतातल्या बळींचे अंदाज सव्वा ते दोन कोटींच्या घरात आहेत. सर्वाधिक झळ बसलेल्या प्रांतांत आपला मध्य प्रांत आणि वऱ्हाड होता. आमचा आजचा गडचिरोली जिल्हा तेव्हा याच प्रांतातल्या चांदा जिल्ह्यात होता. पाऊसही त्याच वर्षी फसला होता.

एवढी माणसं कशाने मेली, यावर आम्हा लोकांत जुना वाद आहे आणि तो मला सोडवत नाही. एक पक्ष म्हणतो, विषाणूच तसा मारक होता. धडधाकट तरुण दोन-तीन दिवसांत निळे पडून गेले. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी तो विषाणू प्रयोगशाळेत पुन्हा घडवला, तेव्हा त्याने उंदीर झपाट्याने मारले. दुसरा पक्ष २००८ च्या तपासणीकडे बोट दाखवतो. १९१८ मधल्या मृतांच्या फुफ्फुसांचे जपून ठेवलेले नमुने नव्याने पाहिले, तर बहुतेक सर्वांत जिवाणूंच्या न्यूमोनियाच्या खुणा निघाल्या. विषाणू श्वासनळीचं अस्तर सोलून काढतो आणि घशातले नेहमीचे जिवाणू आत घुसतात. मी दुसऱ्या पक्षाचा. माझं कारण मुंबईचे आकडे. तिथे खालच्या मानलेल्या जातींत हजारी मृत्यू साठाच्या वर होते आणि युरोपियनांत दहाच्या आत. विषाणू एकच, शहर एकच. फरक होता अन्नाचा, खोलीतल्या गर्दीचा, पाणी पाजायला कुणी उठू शकत होतं का याचा. सहकारी म्हणतात, तू समाजशास्त्र शिकवतोस. माझ्या मते हे निखळ वैद्यकशास्त्र आहे.

कारण हे खरं असेल तर मरण रोखता येतं आणि ते गडचिरोलीने दाखवलं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी इथल्या खेड्यांत आरोग्यसेवकांना आणि सुईणींनाही बालकांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. वर्षाच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला पन्नास किंवा जास्त असतील, दोन महिन्यांच्या आत साठ, तर गावातच को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक. अंक न येणाऱ्या बायांसाठी मणी सरकवून श्वास मोजायचं साधन तयार झालं. १९९० मध्ये 'लॅन्सेट'ने निष्कर्ष छापला: या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. आमच्या जंगलातलं हे काम जगाने उचललं, याचा मला फार अभिमान आहे.

आणि तरी मोठ्या माणसाचे श्वास आम्ही मोजत नाही. इथे पावसाळ्यात ताप म्हणजे मलेरिया. आशाताई बोट टोचते, किटवर एकच रेघ उमटते, निगेटिव्ह. पॅरासिटामॉलची पट्टी देऊन रोगी घरी. पण आपल्याकडे फ्लूचाही जोर पावसाळ्यातच असतो. गेल्या रोवणीतली एक गरोदर बाई डोक्यातून जात नाही. तिसऱ्या दिवशी किट निगेटिव्ह, चौथ्या दिवशी ती पुन्हा बांधीत उतरली, सहाव्या दिवशी माझ्यासमोर आणली तेव्हा ऑक्सिजन ७४ होता. ओठ जांभळे, दोन शब्दांनंतर तिसरा निघेना. स्वॅबमध्ये एच१एन१ फ्लू निघाला, पण ती गेल्यावर. फ्लूवरचं औषध ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत खरं काम करतं. ते तास किट वाचण्यात गेले. आशाताईला जे शिकवलं होतं, तेच तिने केलं.

संपादकांच्या 'समाज टिकेल का'चं माझं उत्तर इथून सुरू होतं. फ्लूचा उष्मायन काळ एक ते चार दिवस, त्यामुळे तो एकाच आठवड्यात गावंच्या गावं झोपवतो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. कोळसा खाणीतून उचलणारे, वाहणारे आणि संच चालवणारे एकदम तापाने पडले तर वीज कमी पडणार, आणि करोनात उभारलेले ऑक्सिजन प्रकल्प विजेवरच चालतात. भामरागडला पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की सिलिंडरही पोचत नाही. शहरं बहुधा सावरतील. एटापल्ली, भामरागड या आमच्या दुर्गम तालुक्यांबद्दल मला ती खात्री देता येत नाही.

किटसारखीच लसीचीही वेळ हुकते. महाराष्ट्राने २०१५ पासून गरोदर महिलांना फ्लूची मोफत लस देऊ केली, पण फ्लू हा थंडीचा आजार या समजुतीने ती अनेकदा ऑक्टोबरात टोचली जाते, म्हणजे लाट ओसरल्यावर. आमच्याकडे ती मे महिन्यात, तेंदूची फळी आटोपता आटोपता, रोवणीच्या आधी मिळायला हवी. आणि किट निगेटिव्ह आली तर आशाताईने घड्याळ काढून एक मिनिट श्वास मोजावेत, मोठ्यांचेही. तीस किंवा त्याहून जास्त भरले तर रोग्याला घरी न पाठवता थेट गाडी बोलवावी. आरोग्य बैठकीत हे पुन्हा मांडलं आहे. उत्तराची वाट पाहतो आहे.