अब्बांची डिस्क

आम्ही दोघे भाऊ. थोरला शाळामास्तर, धाकटा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. संगणकाशी आमचा संबंध निकालपत्रक आणि पट्टी एवढ्यापुरताच. तरीही लिनक्सच्या नादाला आम्ही लागलो, याला कारण कृष्णामाईचे पाणी.

आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. खणभागातल्या आमच्या घरात ते शिरू लागले तेव्हा अम्मीने दागिन्यांचे नाव काढले नाही. "पैले तुमारे अब्बा का डब्बा ऊपर रक्खो," एवढेच ती म्हणाली. डब्बा म्हणजे अब्बांच्या संगणकाचा सीपीयू. तो माळ्यावर गेला. अब्बांच्या वह्या मात्र खालच्या कपाटात राहिल्या आणि चिखलाचा लगदा होऊन निघाल्या.

अब्बा २०१७ साली गेले. निवृत्तीनंतर ते एसटीने मिरजेला जात आणि सतार-तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांपाशी तासन्‌तास बसत. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे कसे वळले, भोपळा कसा वाळवतात, जवारी कशी काढतात, हे सारे ते लिहून घेत आणि रात्री एका बोटाने टाइप करीत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण अब्बांनी ज्यांचे बोल टिपले त्यांतले कित्येक उस्ताद तोवर मातीआड झाले होते. वह्या गेल्यावर उरले ते त्या डब्ब्यात होते तेवढेच.

पाणी ओसरल्यावर डब्बा चालू केला. निळा पडदा आला आणि तिथेच थांबला. दुरुस्तीवाल्याने पाहिले न पाहिलेसे करून सांगितले, "फॉरमॅट मारावा लागेल. आतलं सगळं जाईल." आम्ही डब्बा उचलून घरी आणला.

मार्ग काढला तो थोरल्याच्या मुलाने. तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता. "अब्बा, डिस्क शाबूत असंल. बिघडलंय ते विंडोज," तो म्हणाला. त्याने समजावले ते असे: संगणक सुरू होताना आपली प्रणाली कुठे आहे ती शोधतो. आतल्या डिस्कवर न शोधता यूएसबीवर शोध, असे त्याला सांगता येते. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली फिनलंडमध्ये सुरू केलेले लिनक्स पेनड्राइव्हवरून उठते, मेमरीत चालते आणि आतल्या डिस्कला आपण सांगितल्याशिवाय हात लावत नाही. स्वतःचा शिधा घेऊन आलेला पाहुणाच म्हणा ना.

दोन जीबीच्या आसपासची फाइल मोबाइलच्या डेटावर उतरवायला रात्र गेली. ती नुसती कॉपी करून भागत नाही, रुफससारख्या साधनाने पेनड्राइव्हवर लिहावी लागते आणि आधीचे सगळे पुसले जाते. त्यात वलीम्याचे फोटो होते, ते आधी काढून घेतले. मग संगणक चालू होताच एफ १२ दाबून यूएसबी निवडली. पाचेक मिनिटांनी पडदा उजळला. आतली डिस्क एका कोपऱ्यात दिसत होती. तिच्यावर क्लिक केले आणि अब्बांचे फोल्डर समोर आले. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

फाइल उघडली तर अक्षरे इंग्रजी आणि अर्थ शून्य. अब्बांनी त्या काळच्या डीटीपीचा फॉन्ट वापरला होता, त्यात 'क' हा खरा 'क' नसतो, इंग्रजी अक्षराला चढवलेला मुखवटा असतो. त्याच डिस्कवरून फॉन्ट उचलून लिनक्समध्ये ठेवला तेव्हा मजकूर वाचता आला. युनिकोडमध्ये आणायचे काम पुढे वर्षभर चालले.

त्यासाठी कायमची सोय हवी होती. पेनड्राइव्हवरचे लिनक्स बंद केले की केलेले काम विसरते. म्हणून यूएसबीची एक एसएसडी घेतली आणि मुलाच्या लॅपटॉपवरून तिच्यावर पुरे लिनक्स बसवायला घेतले. उठायला एक यूएसबी आणि बसवायला दुसरी, अशा दोन लागतात. इथे आम्ही शहाणपण केले आणि तोंडघशी पडलो. प्रणाली बाहेरच्या डिस्कवर गेली, पण तिला उठवणारा बूटलोडर लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर जाऊन बसला. बाहेरची डिस्क काढताच काळ्या पडद्यावर 'ग्रब' एवढाच शब्द. पोराचा चेहरा पांढराफटक! दुसऱ्या दिवशी त्याचे सबमिशन होते. सुदैवाने एफ १२ च्या यादीत त्याचे विंडोज जिवंत सापडले.

दुसऱ्यांदा लॅपटॉपच्या तळाचे स्क्रू काढून आतली डिस्कच सोडवून ठेवली. जिथे चूक करायला जागाच नाही तिथे आमच्यासारख्यांनी काम करावे. डेबियन बसवताना शेवटी बूटलोडरची एक प्रत काढता येण्याजोग्या डिस्कच्या ठरीव जागीही ठेवायला सांगितले. त्यामुळे ती डिस्क दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपला लावली तरी उठते. अब्बांच्या जुन्या डब्ब्यावर मात्र ती उठली नाही, त्याची सुरू होण्याची रीतच जुनी.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा पन्नास फुटांपार गेले. या वेळी माळ्यावर काही चढवले नाही. अम्मीला रिक्षात बसवले, डिस्क धाकट्याच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात. तिची एक नक्कल पोराने आधीच पुण्याला नेली होती, कारण डिस्कही कधीतरी मरतेच. मिरजेला खालाच्या घरी तिच्या नातवाचा लॅपटॉप मागून घेतला, एफ १२ दाबले.

अम्मीला वाचता येत नाही. तिने वाचून दाखवायला सांगितले. थोरल्याने सुरुवात केली आणि पहिल्याच पानावर अडखळला. युनिकोड करताना रफार सरकला होता आणि मिरजेचा 'दर्गा' तिथे 'दगार्' झाला होता. खाला हसू लागली. अम्मी म्हणाली, "हसू नक्को, उनो ऐसाच नै लिखे. दुरुस्त कर." आम्ही तिथेच दुरुस्त केले आणि पुढची ओळ घेतली.