कमरेत मोडलेला शिपाई

आमची बिल्डिंग पुनर्विकासाला चालली आहे. पुढच्या महिन्यात भाड्याच्या घरात जायचं, त्यामुळे मुलुंडच्या या घरात सध्या पाऊल टाकायला जागा नाही. जिकडे तिकडे खोकी! प्रत्येक वस्तू उचलायची आणि 'तीन वर्षांनी ही लागेल का?' असं विचारायचं, असा नियम केला आहे. या नियमाने पुष्कळ सामान भंगारवाल्याकडे गेलं. माळ्यावरच्या एका बिस्किटांच्या डब्यापाशी मात्र तो अडला. गोट्या, एक भोवरा, आणि लेकाचा जी. आय. जो. धड एकीकडे, पाय दुसरीकडे.

१९९० च्या दशकात मुलगे वाढवलेल्यांना जी. आय. जो सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या हॅसब्रो कंपनीने १९६४ साली फूटभर उंचीचा हा शिपाई काढला. खरं म्हणजे बाहुलाच, पण मुलगे बाहुल्यांशी खेळणार नाहीत म्हणून त्याला 'ॲक्शन फिगर' असं भारदस्त नाव दिलं. (शब्द बदलला की वस्तू बदलते, हे मराठीच्या शिक्षिकेला कोणी वेगळं सांगायला नको.) १९८२ मध्ये तो पावणेचार इंचांचा झाला. आपल्याकडे एमआरएफ आणि हॅसब्रो यांनी मिळून १९८७ साली फनस्कूल सुरू केली, गोव्यात कारखाना निघाला आणि हे शिपाई गल्लोगल्ली पोचले. साचे तिकडचेच, पण रंग कधी कधी भलतेच! शिंप्याने उरलेल्या कापडाचा खिसा लावावा तसे. गंमत म्हणजे त्या भलत्या रंगांमुळेच परदेशातले संग्राहक आज हे भारतीय शिपाई शोधत असतात.

आमचा शिपाई म्हणजे फ्लिंट. डोक्यावर तिरकी टोपी, चेहऱ्यावर 'मी सांगतो तसंच' असा भाव. लेकाला फोन केला तर बेचाळीस वर्षांचा तो बाप्या एकदम ओरडलाच, "आई, टाकू नकोस! तुटला नसेल तो, आतली ओरिंग गेली असेल."

आणि खरंच तसं होतं. या बाहुल्याची सगळी मदार पोटातल्या एका काळ्या रबरी कडीवर असते. छाती आणि पाठ असे दोन अर्धे भाग, पाठीला एकच स्क्रू. आत छातीला एक खुंटी असते, पायांच्या जोडाला वर धातूचा आकडा असतो, आणि खुंटी नि आकडा यांच्यामध्ये ती कडी ताणून बसवलेली. म्हणून तर तो वाकतो, बसतो, कमरेत वळतो. रबर हवेने जुनं होतं, त्यातून सतत ताणलेलं असलं की लवकर तडकतं. कुकरची रिंग बदलणाऱ्या कुठल्याही बाईला हे ठाऊक आहे. रबराच्या कडीला कमी लेखू नये. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान सात जणांसकट गेलं, ते थंडीने कडक झालेल्या अशाच प्रकारच्या कड्यांपायी. रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीच्या वेळी बर्फाच्या पाण्यात रबराचा तुकडा बुडवून ते सगळ्यांना दाखवलं होतं. वर्गात हे सांगितलं की शेवटचा बाकसुद्धा गप्प व्हायचा.

असो. नवघर रोडच्या हार्डवेअरच्या दुकानात जुन्या कडीचे तुकडे कागदाच्या पुडीतून नेले. "काकू, नळाला लावायची का?" "नाही, सैनिकाला." त्याने न हसता तीन मापं काढून दिली. मधलं बरोबर बसलं.

स्क्रू काढायला चष्म्याचा छोटा स्क्रू ड्रायव्हर पुरला. पाठ उघडली की दोन्ही हात आणि डोकं सुटून हातात येतं, म्हणून खाली ताट ठेवावं. कडी आधी पायांच्या आकड्यात घातली, मग कमरेच्या तुकड्यातून वर ओढून खुंटीवर चढवली. इथे माझी क्रोशाची सुई कामाला आली! शेवटी स्क्रू हलकेच पिळायचा, जोर केला तर प्लास्टिकचे आटे जातात. फेविक्विकचा मोह तर नकोच. सांधा कायमचा गोठतो आणि प्लास्टिकवर पांढुरकी साय धरते.

पण हात ताटात सुटे पडले होते, तेव्हाच लेकाचा दुसरा फोन आला. या शिपायांचा अंगठा नाजूक, बंदूक दाबून घातली की तुटतो. आमच्याही फ्लिंटचा १९९५ साली तुटला होता. तेव्हा ह्यांनी दोन्ही नळ्या सारख्या मापाने कालवून, रात्री जेवणं झाल्यावर, अराल्डाइटने तो चिकटवला. मोहरीहून थोडी मोठी पिवळट गाठ अजून आहे. लेक म्हणाला, "आई, दुसऱ्या मोडक्या फ्लिंटचा हात मिळतोय. तूर्तास उघडाच ठेव, मी मागवतो. ओरिंग बदललेली चालते, पण डिंकाची गाठ असली की संग्रहात त्याला किंमत नाही."

संग्राहकाच्या दृष्टीने त्याचं अगदी बरोबर आहे. ह्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. कपडे दिले, पुस्तकं वाचनालयात गेली, सहीचे कागद बँकांनी घेतले. हाताने केलेलं म्हणावं असं या घरात काय उरलंय ते मोजत बसले. स्वयंपाकघरातली फळी होती, तीही बिल्डिंगबरोबर जाणार.

मी तोच हात बसवला आणि पाठ लावून टाकली. लेकाला तसं कळवलं. बराच वेळ काही उत्तर नाही. मग विचारलंन, "बंदूक धरतो का अजून?"

डब्याच्या तळाशी बंदूक सापडली. धरतो. जराशी तिरकी.