सुतार निवडताना

घर घेताना बँक, बिल्डर आणि वकील यांच्याशी बोलावं लागतं. त्या घरात राहायचं म्हटलं की सुताराशी. पहिल्या तिघांची कागदपत्रं वाचून निदान काहीतरी कळतं. सुताराचं कोटेशन एका पानाचं असतं आणि त्यात जवळजवळ काहीच नसतं.

पुण्यातल्या माझ्या फ्लॅटचे हप्ते सुरू झाल्यावर हातात जे उरत होतं, त्यात स्वयंपाकघर, आईचं कपाट आणि एक टीव्ही युनिट कसंबसं बसत होतं. आई गावचं घर बंद करून कायमची माझ्याकडे यायची होती. तिचा उजवा खांदा आखडलेला. रोजच्या साडीसाठी तिला मला हाक मारावी लागू नये, एवढंच मला हवं होतं.

व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर असल्यामुळे तीन कोटेशनं एक्सेलमध्ये मांडली. तिन्हींत दर चौरस फुटाला, तोही समोरच्या बाजूचा. सहा फूट रुंद, सात फूट उंच कपाट म्हणजे ४२ चौरस फूट. आत दोन कप्पे असोत की दहा, आकडा तोच. स्वस्त दर बहुधा न दिसणाऱ्या जागी स्वस्त होतो: १८ मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटरचं प्लाय, पाठीला पातळ पत्र्यासारखी फळी, सिंकखाली आयएस ७१०चा शिक्का असलेल्या मरीन प्लायऐवजी साधं प्लाय. वरून सनमायका लागला की सगळी कपाटं सारखीच दिसतात.

म्हणून तिघांनाही एकच विनंती केली: पाच वर्षांपूर्वीचं काम दाखवा. एकाने मोबाइलवर फोटो दाखवले. दुसऱ्याने शोरूममध्ये नेलं, तिथे सगळं नवंकोरं. तिसरे मिस्त्री पन्नाशीच्या पुढचे, राजस्थानातून येऊन पुण्यात स्थिरावलेले. ते मला त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि त्यांनी सगळ्यात आधी सिंकखालचं दार उघडलं. आत फिनेलची बाटली, ओलं फडकं, पाइपाला घाम. तळाची फळी मात्र फुगलेली नव्हती. शेजारशेजारच्या दारांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी होती.

माप घ्यायला आले तेव्हा त्यांनी टेपआधी ओळंबा काढला. "भिंत तीन सूत बाहेर आहे," म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. भिंत सरळ आहे असं धरून कपाट बनवलं, तर एका कडेला फट राहते आणि ती झाकायला पट्टी ठोकावी लागते. कोनाड्याचे दोन्ही कर्ण त्यांनी दोरीने मोजले. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णही सारखे आले तर काटकोन, नाहीतर नाही. भूमिती मी इंजिनियरिंगपर्यंत शिकले, ती अशी वापरताना क्वचितच पाहिली होती.

मग त्यांनी विचारलं, "कपाट कोण वापरणार?" आई पुढे आली.

"ताई, दुखत नाही तिथपर्यंत हात वर न्या."

आईचा हात जिथे थांबला तिथे त्यांनी भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. साड्यांचा दांडा त्या रेघेच्या खाली, वर फक्त गाद्या आणि बॅगा. आई दार डाव्या हाताने उघडते हेही त्यांनीच पाहिलं आणि बिजागऱ्यांची बाजू बदलली. बाकी दोघांनी कपाट कोणत्या रंगाचं हवं एवढंच विचारलं होतं.

त्यांचा दर तिघांत सगळ्यात जास्त होता. मी टीव्ही युनिट रद्द केलं आणि मजुरीत घासाघीस केली नाही. प्लायची जाडी आणि शिक्का, पाठीची फळी, बिजागऱ्या, पैशांचे टप्पे, हे सगळं मात्र लिहून घेतलं. शेवटचा हप्ता दारं बसून नीट मिटल्यावर. मिस्त्रींनाही ते बरंच वाटलं. "लिहिलेलं असलं की भांडण नाही," म्हणाले.

टीव्ही अजून स्टुलावर आहे. रेघ कपाटामागे झाकली गेली. आई मात्र सकाळी मला न उठवता आपली साडी काढते.